शेवटच्या पाच मिनिटांत रेफरीची शिट्टी जाते कुठे? (रग्बी लीग)

वेस्टमीडकर

सिडनीत येऊन पंधरा वर्षं झाली. पहिली चारेक वर्षं हा खेळ म्हणजे मला निव्वळ हाणामारी वाटायची. मग ऑफिसातल्या मंडळींनी पॅरामॅटाच्या मॅचला ओढून नेलं, आणि आता अशी गत आहे की मंडळाची मीटिंग शुक्रवारी संध्याकाळी ठेवली की मला नेमकी पोटदुखी होते.

नवख्यांसाठी थोडक्यात. रग्बीचे दोन प्रकार, युनियन आणि लीग; हा लीग. प्रत्येकी तेरा खेळाडू, ८० मिनिटं. चेंडू तुमच्याकडे आला की सहा वेळा पकडले जाईपर्यंत (एकदा पकडणं म्हणजे एक टॅकल) तुमचा, मग समोरच्याचा. समोरच्याच्या गोललाइनपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे ४ गुण, त्यानंतर मिळणाऱ्या लाथेचे, म्हणजे कन्व्हर्जनचे, २, पेनल्टी गोलचे २ आणि ड्रॉप गोलचा १. ड्रॉप गोल म्हणजे चालू खेळात चेंडू हातातून जमिनीवर सोडायचा, टप्पा घेऊन उठता उठता लाथ मारायची आणि दोन खांबांच्या मधून, आडव्या दांडीवरून पाठवायचा. इथे त्याला फील्ड गोल म्हणतात. मी ड्रॉप गोलच म्हणतो, ऐकायला बरं वाटतं.

बरोबरी झाली की एनआरएलमध्ये, म्हणजे इथल्या मुख्य लीगमध्ये, २००३ पासून गोल्डन पॉइंट आहे. जादा वेळात जो पहिला गुण करेल तो जिंकला.

आता तक्रार. गोल्डन पॉइंट सुरू झाला की दोन्ही संघ एकच खेळ खेळतात. चार वेळा धडका मारत चेंडू खांबांच्या समोर आणायचा, मग हाफबॅक (संघाचा मुख्य किकर) दहा-बारा मीटर मागे जाऊन उभा राहणार, हूकर (पकडल्या जागेवरून चेंडू उचलणारा) त्याच्याकडे चेंडू फेकणार आणि तो लाथ मारणार. हे सगळ्या स्टेडियमला ठाऊक असतं. बचाव करणाऱ्यांनी चेंडू खेळला जाईपर्यंत, म्हणजे पकडलेला खेळाडू उठून चेंडू पायाने मागे ढकलेपर्यंत, दहा मीटर मागे राहायचं असतं. पण रेफरी आता शिट्टी वाजवणार नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक असतं. खांबांसमोर पेनल्टी म्हणजे दोन गुण, म्हणजे मॅच. ती जबाबदारी कोण घेणार? मग दहाचे आठ होतात, आठाचे सात. मार्कर, म्हणजे पकडलेल्याच्या अगदी समोर उभा राहणारा बचावपटू, सरळ उभा न राहता कडेने सुटतो. किकर बिचारा घाईत वाकडी लाथ मारतो आणि टीव्हीवर सगळे म्हणतात, दडपण झेपलं नाही! विसाव्या मिनिटाला ज्याला पेनल्टी बसते ते ब्याऐंशीव्या मिनिटाला 'खेळू द्या' कसं होतं?

माझं मत: गोल्डन पॉइंटमध्ये ड्रॉप गोल बंद करा. ट्राय करा नाहीतर बरोबरीत घरी जा. ८० मिनिटं छाती फुटेस्तोवर खेळायचं आणि निकाल एका टोलवाटोलवीवर, हे काही खरं नाही.

हेडिंग्ली_स्टँड

साफ असहमत. आणि 'टोलवाटोलवी' हा शब्द मागे घ्या राव.

मी लीड्सला असतो. हेडिंग्लीला एक स्टँड आहे, त्याची एक बाजू क्रिकेटच्या मैदानाकडे आणि दुसरी रग्बी लीगच्या. सचिन १९९२ मध्ये यॉर्कशरकडून खेळला तेच हे हेडिंग्ली. पहिल्या वर्षी मी क्रिकेट बघायला जायचो. पाठीमागून आरोळ्या यायला लागल्या म्हणून एकदा पलीकडे गेलो, तो पलीकडचाच झालो.

मुद्दा असा, की ड्रॉप गोलची किंमत या खेळाने आधीच ठरवून टाकली आहे. पूर्वी त्याचेही दोन गुण होते. सिडनीच्या साऊथ्सचा एरिक सिम्स उठसूट ड्रॉप गोल मारायचा. १९७० च्या ग्रँड फायनलमध्ये साऊथ्सने मॅनलीला २३-१२ हरवलं, त्यात सिम्सचे चार ड्रॉप गोल होते. आठ गुण निव्वळ त्यातून! लोक वैतागले, आणि १९७१ पासून ऑस्ट्रेलियात त्याचा एकच गुण झाला. म्हणजे तुमचा आजार जुना आहे आणि औषध पन्नास वर्षांपूर्वीच देऊन झालंय. एक गुण म्हणजे मीठ. भाजीत घालावं लागतं, नुसतं कुणी खात नाही.

आणि ते मीठ बरोबरीतच लागतं असंही नाही. तुम्ही सहा गुणांनी पुढे आहात, दहा मिनिटं उरलीत. समोरच्याचा एक ट्राय आणि कन्व्हर्जन, बरोबरी. पण आधीच एक ड्रॉप गोल मारून ठेवलात तर आघाडी सातची. आता त्याला दोनदा यावं लागणार. त्या एका गुणाने समोरच्याचा सगळा हिशेब बिघडतो. पाचव्या टॅकलला उंच लाथ मारायच्या ऐवजी तो चेंडू हाताने पसरवायला लागतो आणि चुका करतो. ही बुद्धिबळातली चाल आहे हो, टोलवाटोलवी कसली!

इंग्लंडमधल्या सुपर लीगची २०२० ची फायनल आठवा. हल, रिकामं स्टेडियम, कोविडचे दिवस. सेंट हेलन्स आणि विगन ४-४. घड्याळ संपता संपता टॉमी मेकिन्सनने लांबून ड्रॉप गोल मारला, चेंडू खांबावर आपटून गोललाइनपलीकडे पडला, विगनवाले बघत राहिले आणि जॅक वेल्सबीने धावत जाऊन त्यावर हात ठेवला. ट्राय. ८-४. ड्रॉप गोल नसता तर तो ट्रायही झाला नसता.

चढाईपटू

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. रग्बीतलं शून्य कळतं, कबड्डीतलं थोडं.

प्रो कबड्डीत बादफेरीचा सामना बरोबरीत सुटला की दोघांना पाच-पाच चढाया. तरीही बरोबरी तर गोल्डन रेड, आणि ती कुणाला मिळणार हे नाणेफेकीवर. तुमच्या गोल्डन पॉइंटमध्ये पहिला चेंडू कुणाला? दोघांनाही एकेक संधी मिळते का?

वेस्टमीडकर

@चढाईपटू, नाणेफेकच. आणि नाही, दुसऱ्याला संधी मिळेलच असं नाही. पहिल्याच खेपेला गुण झाला की दुसऱ्याने हात चोळत बसायचं.

२०१५ ची ग्रँड फायनल त्याचं उदाहरण. ब्रिस्बेन ब्रॉन्कोज १६-१२ पुढे, भोंगा वाजला तेव्हा काउबॉइजचा काइल फेल्ट कोपऱ्यात ट्राय करत होता. १६-१६. जॉनथन थर्स्टनची कन्व्हर्जन टचलाइनवरून, चेंडू खांबाला लागून बाहेर. मग गोल्डन पॉइंट. पहिलीच किक-ऑफ ब्रिस्बेनच्या बेन हंटच्या हातातून सुटली, काउबॉइजना आयता चेंडू, थर्स्टनचा ड्रॉप गोल, १७-१६, खेळ खलास. काउबॉइजचं पहिलं विजेतेपद. मी ती मॅच उभ्याने बघितली आणि शेवटी ओरडलोही, खोटं कशाला बोलू. पण हंटचा चेहरा बघवत नव्हता. ८० मिनिटांच्या मेहनतीनंतर एक किक-ऑफ हातातून सुटली, आणि परतफेड करायला एक मिनिटही नाही.

डोंबिवली ते डबो

म्हणून तर बदललं ना ते. त्यानंतर फायनल्सच्या (बादफेरीच्या) सामन्यांत आधी पाच-पाच मिनिटांचा जादा वेळ पूर्ण खेळतात आणि तरीही बरोबरी राहिली तरच गोल्डन पॉइंट. २०२२ मध्ये क्रोनल्लाला शार्क्स विरुद्ध काउबॉइज, ३०-३०. जादा वेळ सगळा संपला, कुणाचं काही नाही. त्र्याण्णवाव्या मिनिटाला व्हॅलेंटाइन होम्सने चाळीस मीटरच्या पलीकडून मारला. तेवढ्या लांबच्या ड्रॉप गोलचे एनआरएलमध्ये २०२१ पासून दोन गुण आहेत, म्हणून ३२-३०. त्र्याण्णव मिनिटं पळालेल्या पायांनी चाळीस मीटर! याला कौशल्य नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

(टायगर्सवाला आहे. होम्सचं कौतुक करताना दात दुखतात. कारण खाली सांगेन.)

रेषेवरचा

वेस्टमीडकर, तुमची मूळ तक्रार खरी आहे, निदान जुन्या एनआरएलपुरती, पण मांडणीत गफलत आहे. आणि उपाय चुकीच्या जागी सुचवताय. मी इथे शनिवारी सकाळी पोरांच्या मॅचना शिट्टी वाजवतो, सात वर्षं झाली, म्हणून जरा लांबड लावतो.

गफलत ही. २०२० च्या मे महिन्यात कोविडनंतर एनआरएल परत सुरू झाली तेव्हा रकमधल्या (पकडापकडीच्या जागच्या) चुकांना, म्हणजे पकडलेल्यावर लोळत राहणं वगैरे, पेनल्टीऐवजी 'सिक्स अगेन' आलं. रेफरी हात हलवून दाखवतो, खेळ थांबत नाही, टॅकलची मोजणी पुन्हा शून्यापासून. २०२१ मध्ये दहा मीटरची चूकही त्यात आली. मग काय झालं? संघांनी हिशेब मांडला. समोरचा त्याच्याच गोललाइनजवळून पहिलं टॅकल खेळतोय, तेव्हा खुशाल लोळा, फार तर एक टॅकल जादा जाईल. म्हणून २०२२ मध्ये, चेंडूवाला संघ स्वतःच्याच चाळीस मीटरच्या आत असताना झालेल्या चुकांना परत पेनल्टी लागू झाली. पण जिथून ड्रॉप गोल मारतात तिथे पुढे सरकलेल्याला सहसा सिक्स अगेनच. म्हणजे 'पेनल्टी म्हणजे दोन गुण म्हणजे मॅच' ही भीती तिथे आता बरीचशी उरलेलीच नाही. उलट अडचण अशी, की मॅच वाचवायला दोन मीटर चोरले तर शिक्षा काय, समोरच्याला आणखी सहा टॅकल. परवडतं.

आता शिट्टी का वाजत नाही ते. दहा मीटर मोजायला रेफरीकडे टेप नसते. टॅकल झालं की मी पाठमोरा मागे पळतो, एक डोळा पकडापकडीवर आणि एक डोळा पायाखालच्या चुन्याच्या रेघेवर. दहा मीटरवर टाच रोवायची, हात आडवा करायचा. बचावाची रांग माझ्या रेषेत. त्याच क्षणी समोर खेळाडू चेंडू पायाने मागे ढकलतोय, दोन मार्कर त्याच्यासमोर सरळ उभे आहेत का ते बघायचं, हूकर उचलतोय ते बघायचं. माझ्या डाव्या-उजव्या हाताला पाच-पाच जण. कोण कधी सुटला हे एकाच वेळी दिसतच नाही. २००९ पासून २०२० च्या सुरुवातीपर्यंत एनआरएलमध्ये मैदानावर दोन रेफरी होते, एक रकपाशी आणि एक रेषेवर. २०२० च्या मे महिन्यापासून परत एकच.

तुमचा मुद्दा खरा तो इथे. दोन वर्षांपूर्वी पंधरा वर्षांखालच्या पोरांची मॅच, १२-१२, शेवटचं मिनिट. पोरांच्या मॅचला सिक्स अगेन नाही, सरळ पेनल्टी. पोरगं ड्रॉप गोल मारायला मागे गेलं. मार्कर चेंडू खेळायच्या आधीच सुटला. मी पाहिलं. शिट्टी तोंडात होती. वाजवली नाही. पोराने मारलेली लाथ त्या मार्करच्याच मांडीला लागली, मॅच बरोबरीत. नंतर शेडमध्ये सॉसेज घेत होतो तर त्या पोराची आजी आली. भांडायला नाही. म्हणाली, तुला दिसलं होतं ना? मी म्हटलं, हो. ती 'बरं' म्हणाली आणि कांदा जास्त घालून मागितला. त्या 'बरं'ला मी अजून उत्तर शोधतोय.

तर चूक ड्रॉप गोलची नाही, माझी आहे. ड्रॉप गोल बंद केलात तर रेफरी गोललाइनवर शिट्टी गिळेल, एवढाच फरक.

हेडिंग्ली_स्टँड

+१ शेवटच्या वाक्याला. बाकी प्रतिसाद दोनदा वाचला.

डोंबिवली ते डबो

आता माझं रडगाणं. 'वाजवा शिट्टी' म्हणणाऱ्यांनी जुलै २०२२ ची टाउन्सव्हिलची मॅच आठवावी. टायगर्स २६, काउबॉइज २५. घड्याळात एक सेकंद. काउबॉइजनी छोटी किक-ऑफ मारली, चेंडू त्यांना मिळाला नाही, संपलं. आमच्या घरात उड्या मारून झाल्या. एवढ्यात त्यांच्या कॅप्टनने चॅलेंज घेतलं. बंकरमध्ये बसलेल्याने रिप्ले बघून सांगितलं, टायगर्सच्या खेळाडूने चेंडूमागे धावणाऱ्या फेल्टला अडवलं. पेनल्टी. होम्सने घातली. २७-२६. दुसऱ्या दिवशी लीगच्या बड्या अधिकाऱ्याने स्वतः सांगितलं की ती पेनल्टी द्यायला नको होती. नको होती तर गुण परत द्या की! नाही मिळाले. आणि आम्ही त्या वर्षी तळाला राहिलो, ते वेगळं.

मला न वाजलेली शिट्टी परवडते. वाजलेली चुकीची शिट्टी नाही.

वेस्टमीडकर

सहानुभूती आहे, पण हे माझ्याच बाजूचं उदाहरण झालं की. मैदानावरच्या रेफरीने काही दिलं नव्हतं. संथ गतीत दहा वेळा बघून बंकरने दिलं. संथ गतीत प्रत्येक धक्का गुन्हाच दिसतो.

२०१९ ची ग्रँड फायनल घ्या, ८-८. कॅनबेरा रेडर्स १९९४ नंतर पहिल्यांदा फायनलला आलेले. उंच चेंडूवर झटापट झाली, रेफरी बेन कमिन्सने हात हलवून सिक्स अगेन दाखवलं आणि लगेच निर्णय फिरवला. जॅक वायटनने हात पाहिला, बदल पाहिला नाही. आपल्याकडे पुन्हा सहा आहेत समजून तो चेंडू घेऊन आरामात पकडला गेला. चेंडू रूस्टर्सकडे, पुढच्याच खेपेला टेडेस्कोचा ट्राय, १४-८. सुधारलेला निर्णय नियमाप्रमाणे बरोबर होता म्हणे. असेल. पण शेवटचं टॅकल आहे हे वायटनला कळलं असतं तर? तो नक्की ड्रॉप गोल...

थांबा. हे लिहिताना माझ्याच लक्षात आलं. ८-८ ला, खांबांसमोर, शेवटचं टॅकल असतं तर मी स्वतः सोफ्यावरून 'मार, मार' ओरडलो असतो.

हेडिंग्ली_स्टँड

हा हा. पकडलं. आता शब्द मागे घ्या.

वेकफिल्डचे काका

मी १९७६ पासून वेकफिल्डला आहे, दवाखाना बंद केला त्याला बरीच वर्षं झाली. एक गोष्ट सांगतो. 'पेनल्टी म्हणजे दोन गुण म्हणजे मॅच' हे वेस्टमीडकरांचं वाक्य आमच्या गावात म्हणून दाखवा.

१९६८ ची चॅलेंज कप फायनल, वेम्बली. मैदानावर तळं झालेलं. लीड्स ११, वेकफिल्ड ७. शेवटच्या मिनिटाला वेकफिल्डने खांबांच्या मध्ये ट्राय केला, तेव्हा ट्रायचे तीनच गुण, ११-१०. आता कन्व्हर्जन, अगदी समोरून, लहान पोरानेही घालावी अशी. डॉन फॉक्सचा पाय ओल्या गवतावर सरकला आणि चेंडू बाहेर. गंमत म्हणजे सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचीच निवड झालेली होती.

मी आलो तेव्हा या गोष्टीला आठ वर्षं झाली होती, तरी गुडघा दाखवायला आलेला पेशंट गुडघा राहू देऊन ती किक सांगायचा. सगळे जण मैदानावर होते म्हणे. तेवढी माणसं वेम्बलीत मावली असती का कुणास ठाऊक. रेफरीने काहीही दिलं तरी लाथ शेवटी माणसालाच मारायची असते. तेव्हा त्याने निर्धास्त शिट्टी वाजवावी. मॅच तो देत नाही.

चढाईपटू

काका, दंडवत. मग प्रश्न उरतोच कुठे?

वेस्टमीडकर

उरतो. 'टोलवाटोलवी' मागे. ड्रॉप गोल राहू दे. पण रेषेवरच्यांनी जे सांगितलं त्यावरून माझी नवी मागणी: गोल्डन पॉइंटमध्ये सिक्स अगेन बंद. दहा मीटर चोरले की सरळ पेनल्टी, दोन गुणांची किक, काय व्हायचं ते होऊ दे. आणि त्या दहा मिनिटांपुरता रेषेवर दुसरा रेफरी.

हेडिंग्ली_स्टँड

म्हणजे निकाल ड्रॉप गोलऐवजी पेनल्टीवर लागणार. २०२३ च्या चॅलेंज कप फायनलला वेम्बलीत ली आणि हल केआर हे संघ १६-१६ होते, लॅकलन लॅमच्या ड्रॉप गोलने लीने कप नेला. ते पेनल्टीवर गेलं असतं तर हल केआरवाले आजही त्या रेफरीचं नाव घेऊन दात खात बसले असते. ड्रॉप गोलवर गेलं म्हणून लॅमचं नाव घेतात. हरणाऱ्यालाही फरक पडतो हो. माझी तुमच्या दुसऱ्या रेफरीला हरकत नाही, पहिल्या मागणीला आहे.

डोंबिवली ते डबो

मला दोन्हीला आहे. आणखी एक रेफरी म्हणजे चुकायला आणखी एक माणूस.

रेषेवरचा

पेनल्टी परत आणायला मी तयार आहे, पण पेनल्टी असली तरी ती वाजवणारा हवा. माझ्याकडे पेनल्टी होती, आजीला विचारा.

येत्या शनिवारी साडेआठला मैदानावर आहे, दोन मॅच लागोपाठ. टच जज (कडेच्या रेषेवरचा झेंडेवाला) नेहमीप्रमाणे एकच मिळालाय. वेस्टमीडकर, तुम्ही गाडीने वीस मिनिटांवर. झेंडा मी देतो, बूट तुमचे आणा.

वेस्टमीडकर

साडेआठ म्हणजे सकाळचे?